मरळ मरते, चिलापी उरते

पावसाळा सरून थंडी पडू लागली, की तळ्यातल्या मरळीच्या अंगावर कधीकधी लाल ठिपके दिसतात. जाळ्यात खरचटलं असेल, असं आधी वाटतं. पण काही दिवसांत तिथले खवले गळतात, ठिपक्याची जखम होते आणि ती मांस कुरतडत आत जाते. एरवी जाळं फाडून निसटणारी मरळ मग पाण्यावर सुस्त पडून राहते. हा माशांचा व्रणरोग. शास्त्रज्ञ त्याला ‘ईयूएस’ म्हणतात.

त्याचं मूळ म्हणजे ‘अ‍ॅफॅनोमायसिस इन्व्हेडन्स’ हा बुरशीसारखा दिसणारा सूक्ष्म जलजीव. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि माशाच्या दुखावलेल्या त्वचेला चिकटतात. तिथून त्याचे धागे स्नायूंत शिरतात. माशाचं शरीर या धाग्यांभोवती पेशींचं कडं करून त्यांना अडवू पाहतं. पण गार पाण्यात माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि धागे पुढे सरकतात. मुसळधार पावसानंतर पाण्याची आम्लता वाढली, तर त्वचा आणखी दुखावते. म्हणूनच ही साथ बहुधा पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात उसळते.

१९७१मध्ये जपानमध्ये हा रोग पहिल्यांदा नोंदवला गेला. पुढच्या वर्षी तो ऑस्ट्रेलियात दिसला, मग आग्नेय आशियात पसरला आणि १९८८मध्ये बांगलादेशामार्गे ईशान्य भारतात पोचला. काही वर्षांतच तो केरळपर्यंत गेला. माणसाला त्याची लागण होत नाही. तरीही भीतीपोटी लोकांनी मासे घेणं सोडलं आणि मच्छीमारांची चूल विझायची वेळ आली.

या रोगाचा सर्वाधिक फटका बसणाऱ्यांत मरळ आहे. मरळीची जोडी आपल्या पिल्लांची राखण करते. लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर फिरतो आणि आई-बाप खालून पहारा देतात. मोठे मासे रोगाने गेले, की ही राखणही जाते. उलट, आफ्रिकेतून आलेली तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, आणि परदेशी कॉमन कार्प या रोगाला सहसा दाद देत नाहीत.

तिलापिया १९५२मध्ये माशांचं उत्पादन वाढवण्यासाठी भारतात आणली गेली. हेतू चांगला होता. पण मादी अंडी तोंडात उबवते, काही महिन्यांतच वयात येते आणि वर्षातून अनेकदा विते. त्यामुळे तलावात एकदा शिरलेली चिलापी बाहेर काढणं जवळपास अशक्य होतं. भीमेवरच्या उजनी जलाशयात आज मच्छीमारांच्या जाळ्यात चिलापी भरभरून येते. त्यावर कुटुंबं जगतात, हेही खरं. मात्र धरणं, सांडपाणी आणि बेसुमार मासेमारीने आधीच खचलेल्या देशी माशांना या पाहुण्यांशी अन्न आणि जागेसाठी झगडावं लागतं. त्यात रोग आला, तर रिकामी झालेली जागा कोण भरणार, हे वेगळं सांगायला नको.

आफ्रिकन मांगूर तर देशी मासेही गट्ट करतो. केंद्र सरकारने २०००मध्येच त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातो. मत्स्यटाकीतून तलावात सोडलेला सकर मासा अंगावरच्या कठीण कवचाने जाळी फाडतो आणि काठाच्या मातीत बिळं करतो.

शेततळ्यात योग्य प्रमाणात चुना टाकून व्रणरोगाचा धोका कमी करता येतो; वाहत्या नदीला मात्र औषध देता येत नाही. रोग आणि परका मासा, दोन्हींना वेशीवरच अडवलं पाहिजे. मत्स्यबीज तपासूनच घ्या. जखमी मासे दिसले, तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. वापरलेली ओली जाळी दुसऱ्या तळ्यात टाकण्याआधी धुऊन कडक उन्हात वाळवा. आणि घरच्या टाकीतला मासा नकोसा झाला, तर विक्रेत्याला परत द्या किंवा सांभाळणाऱ्याला द्या. दया म्हणूनही त्याला नदीत सोडू नका.