पॉइंट प्रज्वलनाचे इलेक्ट्रॉनिक रूपांतर

जुन्या पेट्रोल वाहनातील यांत्रिक पॉइंट काढून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक स्विच बसविण्याच्या प्रक्रियेला पॉइंट प्रज्वलनाचे इलेक्ट्रॉनिक रूपांतर म्हणतात. कुर्ला येथे तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर, जुन्या पेट्रोल जीप अशा डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाड्यांत हा बदल करता येतो. त्यामुळे इंजिनाची शक्ती वाढते, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. सुस्थितीतील पॉइंट योग्य ठिणगी देतातच. फरक पडतो तो ही अचूकता किती काळ टिकते यात.

मूळ पद्धत

पॉइंट व कॉइल यांवर आधारलेली ही पद्धत अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास प्रचारात आणली. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून वाहतो व चुंबकीय क्षेत्र तयार होते. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरील कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. रोटरमार्फत तो योग्य त्या स्पार्क प्लगकडे जातो. प्रवाह झटकन तुटावा आणि पॉइंटवरच ठिणगी उडू नये, यासाठी कंडेन्सर असतो.

इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असता चार सिलिंडरच्या गाडीला सेकंदाला १०० ठिणग्या लागतात, म्हणजे पॉइंटही तितक्याच वेळा उघडमीट करतात. ३ ओहम रोधाची कॉइल १२ व्होल्टवर चालत असेल, तर त्यांच्यातून सुमारे ४ अँपिअरपर्यंत प्रवाह जातो. साहजिकच त्यांच्या पृष्ठभागावर खड्डे पडतात. कॅमवर घासणारी टाचही झिजते. ती झिजली की साधारण ०.४ मिलिमीटरची फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त लागते. परंतु हे इतके हळूहळू घडते की चालकाला त्याची सवय होऊन जाते.

नवा स्विच

प्रचलित संचात रोटरखाली कॅमवर चुंबकांचे कडे बसते व पॉइंटच्या जागी संवेदक येतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. चुंबक जवळून जाताच ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. घासणारा भाग नसल्याने फट बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. रोटर, टोपण तसेच वेगानुसार ठिणगी पुढे नेणारी वजने व स्प्रिंग मात्र जुनीच राहतात. दांड्याचे बुश झिजले असतील, तर आधी ते बदलावे. तो दोष नवा स्विच दूर करत नाही. दुसऱ्या एका प्रकारात पॉइंट ठेवून त्यांच्यातून केवळ अल्प प्रवाह नेतात. त्यात खड्डे टळतात, टाचेची झीज टळत नाही.

जोडणीतील दक्षता

गाडीचे कोणते टोक चॅसिसला जोडले आहे, हे प्रथम पाहावे लागते. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत धन टोक चॅसिसला असे. टोके उलट जोडली गेल्यास संच तत्क्षणी जळू शकतो. कॉइलपूर्वी बॅलास्ट रोधक असल्यास संचाला वीज त्याच्या अलीकडून द्यावी, अन्यथा तिला पुरेसा दाब मिळत नाही. कॉइलचा रोध संचाच्या निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा कमी नसावा. साध्या तांब्याच्या प्लगवायरीऐवजी रोधयुक्त वायरी वापराव्यात, कारण त्यांतून निघणारे विद्युत व्यत्यय संवेदकाला बिघडवतात. जोडणीनंतर टायमिंग नव्याने लावणे अनिवार्य आहे, कारण नव्या स्विचचा क्षण जुन्या पॉइंटशी तंतोतंत जुळत नाही. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवणेही टाळावे. काही संचांत प्रवाह वाहत राहून कॉइल आणि संच दोन्ही तापतात.

बिघाड

पॉइंट बिघडण्यापूर्वी बहुधा सूचना देतात: गाडी अडखळते, सकाळी लवकर सुरू होत नाही. रस्त्यातच काचपेपरने ते घासून आणि फीलर गेज नसल्यास जाड कार्डाच्या तुकड्याने फट लावून मुक्काम गाठता येतो. इलेक्ट्रॉनिक संच वर्षानुवर्षे देखभाल मागत नाही, परंतु बंद पडतो तो अनेकदा एकाएकी, आणि त्याची दुरुस्ती रस्त्याकडेला होत नाही. म्हणून घाटरस्त्याने किंवा दूरच्या प्रवासाला जाणारे जाणकार, डिस्ट्रिब्युटरवरून काढलेली जुनी पॉइंटची पट्टी कंडेन्सरसह डिकीत ठेवतात. बहुतेक गाड्यांत चुंबकाचे कडे काढून ती पुन्हा बसविण्यास एक पेचकस आणि थोडा वेळ पुरतो.