सोयाबीन की कॅनोला? हिशेब कॅनडाचा, धडा आपला

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील शेतकरी दर हिवाळ्यात एक हिशेब मांडतात. बर्फ वितळल्यावर कॅनोला पेरायचा की सोयाबीन? बियाणे, खते आणि औषधे महागत गेली, तसा हा हिशेब अधिक अवघड होत गेला आहे. ते मोठे जमीनधारक, मोठ्या यंत्रांनी शेती करणारे. तरीही विदर्भ-मराठवाड्यात दोन-तीन एकरांवर सोयाबीन पेरणाऱ्या आपल्या बांधवांनी हा हिशेब समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

कॅनोला हे मोहरीच्या कुळातले पीक. १९७०च्या दशकात कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी रेपसीड या तेलबियेतील अपायकारक घटक कमी करून ते घडवले. त्याच्या दाण्यात ४० टक्क्यांहून अधिक तेल असते, तर सोयाबीनमध्ये साधारण १८ ते २० टक्के. म्हणून कॅनोलाला भाव चांगला मिळतो. पण त्याला नत्र भरपूर लागते, गंधकही लागते. नत्रखत नैसर्गिक वायूपासून बनते. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि खतांचे भाव कडाडले, तेव्हा कॅनोलाचा खर्चही चढला. शिवाय बाजाराचा भरवसा नाही. मार्च २०२५ मध्ये चीनने कॅनडाच्या कॅनोला तेलावर आणि पेंडीवर १०० टक्के जादा शुल्क लावले.

सोयाबीनचे गणित वेगळे आहे. त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, म्हणून नत्रखताचा खर्च वाचतो. उत्पन्न कमी असले तरी पेरणीच्या वेळी खिशातून जाणारा पैसाही कमी. मात्र दाणे भरताना पाऊस नसेल तर सोयाबीन मार खाते, हेही तिथल्या शेतकऱ्यांनी अनुभवले आहे. म्हणजे किती पिकेल एवढेच विचारून भागत नाही. किती पैसा अडकेल आणि पीक बुडाले तर किती बुडेल, हेही विचारावे लागते.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. धारणक्षेत्र लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, शेतकऱ्याजवळ भांडवल आणि साधने किती आहेत त्यावर ठरते, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. मॅनिटोबातील शेतकरी आज नेमके हेच तोलतो आहे. ज्याच्याजवळ भांडवल कमी, त्याने तर हे अधिक काटेकोरपणे तोलायला हवे.

आता बियाण्याकडे येऊ. कॅनोलाचे बियाणे बहुतेक संकरित असते. त्याचे दाणे पुढच्या वर्षी पेरले तर पीक तसेच येत नाही, म्हणून दरवर्षी नवे घ्यावे लागते. त्यावर पेटंटही असते. सस्कॅचेवान प्रांतातील शेतकरी पर्सी श्मायझर यांच्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीचे पेटंट मान्य केले. अमेरिकेत २०१३ मध्ये बोमन या सोयाबीन उत्पादकाच्या खटल्यातही निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पेटंट असलेल्या वाणाचे दाणे पेरून नवे बियाणे तयार करण्याचा हक्क शेतकऱ्याला नाही, असे तिथे ठरले.

आपल्याकडे तसे नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. सोयाबीन हे स्वपरागीभवन होणारे पीक आहे. म्हणून जेएस ३३५, एमएयूएस १५८ किंवा फुले संगम यांसारख्या सरळ वाणाचे प्रमाणित बियाणे एकदा घेतले की त्याचे दाणे पुढे दोन-तीन वर्षे बियाणे म्हणून वापरता येतात.

एकरी ३० किलो बियाणे लागते. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या दराने घरचे ३० किलो दाणे सुमारे १,६०० रुपयांचे झाले. शेजारी दुकानातील बियाण्याचा भाव लिहून पाहा, त्यावर उधारीचे व्याज मिळवा आणि मग ठरवा.

पण घरचे बियाणे म्हणजे पोत्यातले कोणतेही दाणे नव्हेत. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण नाजूक असते. काढणीच्या वेळी भिजलेले पीक बियाण्यासाठी ठेवू नये. मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवावेत. दाणे नीट वाळवून, पोती जमिनीवर न टेकवता कोरड्या जागी ठेवावीत, उंच थप्पी लावू नये. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने ठेवून गुंडाळावेत आणि गोणपाट ओलसर राखावे. सहा-सात दिवसांनी मोजावे. ७० किंवा अधिक दाण्यांना चांगले कोंब आले तर बियाणे योग्य. थोडे कमी असतील तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे, फारच कमी असतील तर ते पेरू नये. २०२० च्या खरिपात विकतचे सोयाबीन उगवले नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या होत्या. म्हणून पिशवी विकत आणली तरी ही चाचणी करावीच आणि पावती, लेबल जपून ठेवावे. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी.

हे सगळे आम्ही इथे का सांगतो आहोत? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले. गायरान कसणाऱ्या अनेक कुटुंबांच्या नावावर आजही सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, हमीभावाच्या केंद्रावर नोंदणी नाही. त्यांचे बियाणे उधारीवर येते आणि पीक बाजारात जाते ते उधारी फेडायला. घरचे बियाणे त्यांना सातबारा देणार नाही, भावही वाढवून देणार नाही. जमिनीचा लढा वेगळा आणि तो चालूच ठेवावा लागेल. पण जूनमधली पहिली उधारी त्याने कमी होईल.

दीघजाणु या गृहस्थाला उपदेश करताना भगवंतांनी कमाई जपण्याविषयी आणि तराजू धरल्यासारखा जमाखर्चाचा तोल राखण्याविषयी सांगितले आहे. यंदा वर्षावास सुरू होण्याआधी, मे महिन्यात, विहारातल्या एका रविवारच्या वंदनेला प्रत्येक शेतकरी कुटुंबाने आपले १०० दाणे घेऊन यावे. तिथेच गोणपाटात ठेवावेत आणि पुढच्या रविवारी सर्वांनी मिळून कोंब मोजावेत. ज्याचे उगवले नाहीत त्याला ज्याच्याकडे जास्तीचे आहे त्याने द्यावे. कायद्याने तो हक्क आपल्याला दिलेला आहे.