नवं मॉडेल इयर: डिस्काउंट बघायचा की एअरबॅग?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, ‘गाडी तीच, चेहरा तोच, मग नव्या मॉडेल इयरचं एवढं काय?’ आज टोयोटाच्या अर्बन क्रूझर हायरायडरवरून बघू.

ही गाडी आली २०२२ मध्ये. मारुतीची ग्रँड व्हिटारा तिची जुळी बहीण. एप्रिल २०२५ मध्ये हायरायडरचं नवं रूप आलं, पण बाहेरून बघाल तर फरक सापडणार नाही. टाइप-सी चार्जिंग आलं, मागच्या दारांना सनशेड आले, वरच्या व्हेरियंटला बटणांवर हलणारी ड्रायव्हर सीट आली. ठीक आहे, सनशेड खामगावच्या मे महिन्यात कामाचे आहेत. पण माझ्या मते खरा बदल एकच: सहा एअरबॅग आता सगळ्या व्हेरियंटमध्ये. आधी खालच्या व्हेरियंटला फक्त दोनच होत्या.

दोन आणि सहात फरक काय? समोरून धडक बसली तर बोनेटचा भाग चेपतो आणि बराचसा मार तोच खातो. बाजूने धडक बसली तर तुमच्या आणि समोरच्या वाहनाच्या मध्ये असतं फक्त दार, म्हणजे जेमतेम वीतभर जागा. तिथे सीटमधली साइड एअरबॅग छाती वाचवते आणि छतातून पडद्यासारखी उतरणारी कर्टन एअरबॅग डोकं, मागे बसलेल्यांचंसुद्धा. आता आपला अकोला रोड आठवा. गावाच्या फाट्यावरून ट्रॅक्टर एकदम आडवा येतो ना? तीच ही धडक. सीटबेल्ट मात्र लावायचाच, त्याशिवाय एअरबॅगचा पूर्ण उपयोग नाही.

सरकारने जानेवारी २०२२ मध्ये सहा एअरबॅग सक्तीच्या करायचा मसुदा काढला होता. पुढे २०२३ मध्ये गडकरींनी सांगितलं की सक्ती करणार नाही. म्हणजे कुठल्या गाडीत सहा द्यायच्या आणि कुठल्या गाडीत नाही, हे कंपनीवर राहिलं. म्हणूनच मॉडेल इयर बघावं लागतं.

माझ्या मावसभावाला एका शोरूममध्ये आधीच्या वर्षाच्या स्टॉकवर चांगली सूट सांगितली. त्याचा फोन आला, “गाडी तर सेम आहे ना भाऊ?” मी म्हटलं, “दादा, व्हेरियंट कोणता ते सांग आधी.” खालचा होता. त्याने सूट सोडली.

हायब्रिडबद्दलही विचारता, तर थोडक्यात. कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, साध्या पेट्रोल मॅन्युअलचा २१ च्या आसपास. वर्षाला १२,००० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरा, तर बचत साधारण १५,००० रुपये. किमतीतला फरक तीन लाख धरला तर वसुलीला वीस वर्षं! त्यात हायब्रिडची खरी मजा शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात, ब्रेक मारताना बॅटरी भरते म्हणून. हायवेला सलग शंभरने गेलात तर हा फायदा आटतो. पुण्यात रोज ऑफिसला जाणाऱ्याचा हिशोब वेगळा निघेल.

आणि पैसे भरायच्या आधी गाडीवरची उत्पादनाची पट्टी स्वतः वाचा. तोच महिना आणि वर्ष पुढे आरसीवर छापून येतं, आणि गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक पहिले तेच बघतो.