अड्डा कुणाच्या दारात?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सपासून लालबाग-परळ काही फार दूर नाही. पण गिरणगावाचा दिवस भोंग्यावर उगवत होता, त्या काळी ही दोन जगे अगदी वेगळी होती. रेसकोर्सवर जायचे तर तिकिटाचे पैसे हवेत, सवड हवी. मटक्याला यातले काहीच लागत नसे. कोपऱ्यावरच्या टपरीशी थांबायचे, आकडा सांगायचा आणि चिठ्ठी खिशात घालून पाळीला जायचे.

गंमत अशी, की मटक्याचा जन्मही कापसातलाच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवर मुंबईत सट्टा चाले. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी पत्त्यांवर आकडा काढायला सुरुवात केली. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मात्र बाजारातलेच राहिले. दहातला एक आकडा लागायचा, आणि लागला तर रुपयाला नऊ रुपये. म्हणजे दहाजणांनी दहा आकडे लावले तरी दहावा रुपया अड्डेवाल्याचाच!

हे साधे गणित कामगाराला कळत नव्हते काय? कळत होते. पण पगारातून घर जेमतेम चाले. मुलीचे लग्न, गावच्या घराचे छप्पर, सावकाराची फेड यांना लागणारी एकरकमी रक्कम त्यातून कधी उभी राहत नसे. बँकेचे दार त्याच्यासाठी उघडे नव्हते, सावकार मात्र पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी हजर. अशा माणसाला एकरकमी पैशाचे स्वप्न दाखवणारी एकच जागा चाळीच्या जवळ होती. त्या स्वप्नाची किंमत घरी चूल पेटवणारी बाई मोजत असे.

१८ जानेवारी १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले आणि गिरणगावाची घडी मोडली. पण जुगाराचा अड्डा वस्ती पाहून बसतो, हा नियम मोडला नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरातही जुगाराच्या यंत्रांवर मोठी रक्कम गमावली जाते ती ब्रिमबँकसारख्या कामकरी वस्तीत. सधन बोरून्डारात यंत्रे मोजकीच.

आपला कायदाही याला अपवाद नाही. १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने टपरीवरचा आकडा गुन्हा ठरतो. परवानाधारक रेसकोर्सच्या कुंपणाआतली पैज नाही. आता तर अड्ड्याला टपरीही लागत नाही, तो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आला. २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी घातली, हे बरेच झाले. पण अड्डा हलवला म्हणून गरज हलत नाही. अडीनडीला रास्त व्याजाने कर्ज देणारी पतपेढी वस्तीत अड्ड्याइतकी जवळ येत नाही, तोवर दुसरा कुणीतरी नवी चिठ्ठी घेऊन त्याच कोपऱ्यावर उभा राहणारच.