‘लायसन्स नको, पासिंग नको’ म्हणून ई-स्कूटर घेताय? आधी हे दोन आकडे बघा

‘साहेब, हिला लायसन्स नको, पासिंग नको. पोरगं आरामात क्लासला जाईल,’ असं दुकानदार सांगतो. पाच मिनिटांनी हळूच पुढचं वाक्य येतं, ‘स्पीड वाढवून हवा असेल तर तेही करून देतो.’ पहिलं वाक्य कायद्याला धरून असू शकतं. पण दुसऱ्याला होकार दिला की पहिलं खोटं ठरतं.

सूट नेमकी कोणाला?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची ३० मिनिटांची पॉवर २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती बॅटरीवरची दुचाकी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. मग लायसन्स, नोंदणी, विमा यांची सक्ती उरत नाही. मात्र गाडीला योग्य ब्रेक आणि रिफ्लेक्टर हवेत आणि ती या निकषांत बसते, अशी पुण्यातील एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेची मंजुरीही हवी. ऑनलाइन मिळणाऱ्या, उभं राहून चालवायच्या स्कूटरलाही हीच फूटपट्टी लागते. दिसायला खेळण्यासारखी आहे म्हणून सूट मिळत नाही.

स्टिकरवर जाऊ नका

‘३० मिनिटांची पॉवर’ म्हणजे मोटर सलग अर्धा तास देऊ शकेल ती ताकद. क्षणभर ती जास्त जोर लावू शकते, पण लांब चढावर खरी ताकद कळते. साधा हिशेब करू. गाडी आणि बॅटरी ८० किलो, वर दोन माणसं १२० किलो, म्हणजे एकूण २०० किलो. दर २० मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर २५० वॉटची मोटर हे ओझं जेमतेम ताशी ९ किमी वेगाने ओढेल. तोच चढ डबलसीट ४० च्या वेगाने चढणाऱ्या गाडीवर ‘२५० वॉट’ लिहिलेलं असेल, तर तो फक्त स्टिकर आहे.

पकडलं तर किती?

मर्यादा ओलांडली की ती विनानोंदणी, विनाविमा मोटारसायकल ठरते आणि कलमं एकावर एक चढतात. लायसन्स नसेल तर ५ हजार रुपये. नोंदणी नसेल तर पहिल्या वेळी २ ते ५ हजार आणि गाडी जप्त होऊ शकते. विमा नसेल तर २ हजार, हेल्मेट नसेल तर १ हजार. हे केंद्रीय कायद्यातले आकडे आहेत. तडजोडीची रक्कम राज्य ठरवतं, त्यामुळे ई-चलानवर आकडा वेगळा दिसू शकतो.

गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘करून देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्यासाठी हाच आकडा गाडीमागे १ लाख रुपये आणि कैद एक वर्षापर्यंत आहे. ग्राहकाला हे दुकानात कोणी सांगत नाही, हे वेगळं सांगायला नको.

खरा फटका अपघातात

दंड भरून सुटता येतं. पण अशा गाडीने कोणाला धडक दिली, तर भरपाई द्यायला मागे विमा कंपनी नसते. न्यायाधिकरणाने मंजूर केलेली रक्कम मालकाच्या खिशातून जाते, आणि गंभीर दुखापतीत ती लाखांच्या घरात असू शकते.

गाडी चालवणारा अल्पवयीन असेल, तर प्रकरण आणखी वाढतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. क्लासला सोडायचा वेळ वाचावा म्हणून घेतलेल्या गाडीची ही किंमत आहे.

दुकानात काय मागाल?

चाचणी संस्थेच्या मंजुरी प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरचं मॉडेल समोरच्या गाडीशी जुळवा. बिलावर मोटरची पॉवर आणि कमाल वेग लिहून घ्या. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर दुसरं दुकान बघा.

वेग हवाच असेल, तर हिरव्या पाटीवर पांढरे आकडे असलेली, नोंदणी होणारी ई-स्कूटर घ्या. ई-वाहनांचं नोंदणी शुल्क केंद्राने २०२१ मध्येच माफ केलं आहे. विम्याचा हप्ता मात्र भरावा लागेल.