'बूट' : एक रूप, दोन कुळे

पायांत घालावयाचा 'बूट' आणि 'टु बूट' या इंग्रजी वाक्प्रचारातील 'बूट' यांचे लेखन व उच्चार एकच आहेत. दुसऱ्याचा अर्थ 'शिवाय', 'वर आणखी' असा होतो. सौद्यात पादत्राणांचा जोड वर देण्याची एखादी जुनी चाल कल्पून हा अर्थ पहिल्यापासून काढण्याचा मोह सहज होतो. परंतु तो सर्वस्वी निराधार आहे.

'टु बूट'मधील शब्द मूळचा जर्मानिक होय. प्राचीन इंग्रजीतील 'बोट' म्हणजे उपाय, लाभ, भरपाई. 'बेटर' हा शब्द व प्रायश्चित्तवाचक जर्मन 'बूसे' ही त्याचीच भावंडे. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या सातव्या शतकाच्या आरंभीच्या कायद्यात इजांच्या भरपाईचे तपशीलवार दर आढळतात : अंगठा तोडल्यास २० शिलिंग, कान तोडल्यास १२, पाय तोडल्यास ५०. अशी भरपाई म्हणजेच 'बोट'. पुढे अदलाबदलीत कमी मोलाच्या वस्तूबरोबर जे वर द्यावे लागे त्यालाही हेच नाव मिळाले, आणि 'शिवाय' हा अर्थ तेथूनच आला.

पादत्राणवाचक शब्द मात्र जुन्या फ्रेंचमधील 'बोत'वरून चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. दोहोंतील दीर्घ 'ओ'चा पुढे 'ऊ' झाला व भिन्न कुळांतील शब्द एकरूप झाले. मराठीत विड्याचे 'पान' 'पर्ण'पासून आणि मद्यपानातील 'पान' 'पा' धातूपासून आले, तसाच हा प्रकार. 'बूटलेस' म्हणजे निष्फळ; शेक्सपिअरने 'चौथा हेन्री'च्या पहिल्या भागात यावर कोटी साधली आहे. राजाला आपण निष्फळ परत पाठविले, या ग्लेंडॉवरच्या बढाईचा हॉट्स्पर 'बुटांवाचून' असा अर्थ घेतो व तशा हवेत अनवाणी गेलेल्या राजाची चेष्टा करतो. अर्थात, प्रेक्षकांना दोन्ही अर्थ परिचित असल्यावाचून ही कोटी रंगली नसती.

संगणक 'बूट' करणे हे फ्रेंच कुळातले. बूट ओढून चढविण्याच्या पट्ट्याला 'बूटस्ट्रॅप' म्हणतात. तो धरून स्वतःलाच उचलणे ही अशक्य कृतीची उपमा, आणि स्वतःच स्वतःला सुरू करणाऱ्या आज्ञावलीला ती शोभली.

मराठीने 'बूट' स्वीकारताना 'शू'पासूनचा त्याचा भेद सोडून दिला. घोट्याच्या वर जाणारा असो वा नसो, दोन्ही बूटच. मोटारीच्या मागील कप्प्याला इंग्लंडमध्ये 'बूट' म्हणतात. येथे त्याला 'डिकी' हे वाहनाच्या मागील आसनाचे इंग्रजी नाव चिकटले.