बोटीवरील जागता पहारा

2 सप्टेंबर 2019 ची पहाट. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर सांताक्रूझ नावाचे बेट आहे. त्याच्या आडोशाला ‘कन्सेप्शन’ ही स्कूबा डायव्हिंगची बोट नांगर टाकून उभी होती. बोटीवर 39 माणसे होती. 33 प्रवासी व एक कर्मचारी तळातील शयनकक्षात झोपले होते. कप्तानासह उरलेले पाच कर्मचारी वरच्या मजल्यावर निद्राधीन होते. तीनच्या सुमारास त्यांना जाग आली, तेव्हा मधल्या मजल्यावरील दिवाणखाना पेटला होता. त्या पाच जणांनी समुद्रात उड्या घेतल्या व ते वाचले. तळातील 34 जणांपैकी एकही बाहेर येऊ शकला नाही. मृतांत भारतीयही होते.

तळातून बाहेर पडण्याच्या वाटा दोन होत्या: एक जिना आणि दुसरी बिछान्यांवरची झडप. परंतु दोन्ही त्याच पेटलेल्या दिवाणखान्यात उघडत होत्या. कागदोपत्री मार्ग दोन, प्रत्यक्षात एकच! बोट जळून बुडाल्यामुळे आगीचे नेमके कारण निश्चित करता आले नाही. मोबाइल, कॅमेरे, टॉर्च यांच्या बॅटऱ्या मात्र त्याच दिवाणखान्यात चार्जिंगला लावल्या जात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने बोट चालविणाऱ्या कंपनीवर ठपका ठेवला, तो एका साध्या गोष्टीसाठी. प्रवासी झोपलेले असताना एका माणसाने जागे राहून बोटीवर फेऱ्या माराव्यात, ही अट तिच्या प्रमाणपत्रातच होती. ती पाळली जात नव्हती. या अटीचा खर्च तो काय? एका माणसाची झोप. काही घडत नाही, म्हणून अशी अट हळूहळू सुटत जाते. दुकानातील रोजच्या शिलकेची मोजणीही अशीच सुटते.

‘तत्त्वार्थसूत्रा’तील हिंसेच्या व्याख्येत प्रमत्तयोग, म्हणजे गाफीलपणे केलेला व्यवहार, हाच कळीचा शब्द आहे. कप्तानाने आग लावली, असे कोणी म्हटले नव्हते. तरीही कर्तव्यातील कसुरीबद्दल 2023 मध्ये तो दोषी ठरला आणि 2024 मध्ये त्याला चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

व्यापारी वाचकांनी पुढची गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. दुर्घटनेनंतर काही दिवसांतच मालकांनी 1851 च्या एका कायद्याचा आधार घेऊन न्यायालयात धाव घेतली. प्रवासाअंती जहाजाचे जे मूल्य उरेल तेवढीच मालकाची देणेदारी, असा तो कायदा. बोट जळून गेलेली; म्हणजे मूल्य शून्य आणि देणेही शून्य! हिशेब कायद्यात बसत होता. व्यापारधर्मात मात्र तो बसत नाही. पुढे 2022 मध्ये अमेरिकी संसदेने लहान प्रवासी बोटींपुरती ही सवलत काढून घेतली.

दुसरी घटना ऑस्ट्रेलियाची. जानेवारी 1998 मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवर एक दांपत्य पाण्यात असतानाच बोट परत निघाली. शिरगणती चुकली होती. दोन दिवसांनी बोटीवर त्यांचे सामान सापडले, तेव्हा चूक ध्यानात आली. ते दांपत्य पुन्हा कधीच सापडले नाही. बँकेत रोकड एकाने मोजली तरी दुसऱ्याने पुन्हा मोजायची असते. येथे तर माणसे मोजायची होती.

आता आपल्याकडील कुटुंबेही सुटीत मालवण, अंदमान, मालदीव येथे समुद्रतळ पाहावयास जातात. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. तेव्हा दराची घासाघीस करण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे आहे का, आणि ते अंगावर घातल्याशिवाय बोट सुटते का? पाण्यात उतरलेल्यांची नावे कोण लिहितो व परतताना हाक कोण देतो? मुक्कामी बोट असल्यास रात्री जागे कोण राहणार, बॅटऱ्या कोठे चार्ज होतात? झोपण्याच्या जागेतून निघणाऱ्या दोन वाटा कोठे उघडतात, हे तर स्वतः चालूनच पाहावे.

आणखी एक गैरसमज आढळतो. पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीत बहुधा साधी दाबलेली हवाच असते, शुद्ध प्राणवायू नव्हे. खोल पाण्यातून घाईने वर आल्याने त्रास झाला, तर प्रथमोपचार म्हणून प्राणवायूच द्यावा लागतो. त्यामुळे प्राणवायूचे वेगळे सिलिंडर दाखवा, असे बोटवाल्यास सांगावे. आणि ते भरलेले आहे की नाही, हे त्यावरील काट्यावर पाहून घ्यावे.